मंडळात तेच करा जे घरी एकट्याने होत नाही

प्रति,
विणकर, कताईकार आणि तंतुकला मंडळांच्या कार्यक्रम समित्या

विषय: वर्षभराच्या सभांमध्ये हातकामाला जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

बहुतेक मंडळांच्या सभेचा साचा ठरलेला असतो. पाहुण्यांचं भाषण, पडद्यावर चित्रं, सभासदांनी आणलेल्या वस्तू हातोहात फिरवणं आणि शेवटी आभार. यात वाईट काहीच नाही. पण यातलं जवळजवळ सगळं आता घरबसल्या मिळतं. बोस्टनचं विणकर गिल्ड (मंडळ) १९२२ साली सुरू झालं, ब्रिटनमधल्या गिल्डांचा संघ १९५५ साली आणि हँडवीव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिका १९६९ साली. त्या काळात जाणकाराच्या तोंडून ऐकायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. आज अडचण वेगळी आहे. माहिती ढीगभर आहे, पण आठ मीटरचा ताणा (कापडाचे उभे धागे) मागाच्या रुळावर चढवताना समोर धरायला दुसरं माणूस नाही.

म्हणून मागणी एवढीच, की वर्षाच्या निम्म्या सभा दुसऱ्याच्या हाताशिवाय अडतात अशा कामांना द्या. नुसतं सांगून भागत नाही, म्हणून त्यातली काही कामं इथे तपशिलाने मांडतो.

पहिलं काम सामायिक ताण्याचं. एक माग, एक ताणा आणि आठ जणांचे आठ टॉवेल. ताणा सगळ्यांचा एकच, बाणा (आडवे धागे) ज्याचा त्याने आणायचा. हिशेब आधी कागदावर करा. धुऊन, शिवून ७० सेंटिमीटरचा टॉवेल हवा असेल तर मागावर ९० सेंटिमीटर विणावं लागतं. ताण सुटल्यावर कापड आखडतं, धुतल्यावर आणखी आटतं, आणि दोन्ही टोकांच्या दुमडीत चारेक सेंटिमीटर जातात. आठ टॉवेलचे ७२० सेंटिमीटर झाले. त्यात दोन्ही टोकांना गाठी मारण्यात आणि फणीच्या (धाग्यांमध्ये सारखं अंतर राखणाऱ्या मागाच्या कंगव्याच्या) मागे अडकून राहण्यात जाणारे ७५ सेंटिमीटर धरले, की आठ मीटर होतात. फणीत रुंदी ५० सेंटिमीटर आणि दर सेंटिमीटरला ८ धागे, म्हणजे ४०० धागे. चारशे गुणिले आठ म्हणजे ३,२०० मीटर सूत. ८/२ (आठ नंबरचं दोन पदरी) सुती सूत किलोला साधारण पावणेसात हजार मीटर भरतं, तेव्हा ताण्याला पावणेपाचशे ग्रॅम लागेल. बाण्याला प्रत्येकी ५५ ग्रॅमच्या आसपास.

ताणा घालायच्या चौकटीवर चारशे धागे एका दमात गुंडाळू नका. धागे वाढतात तशा खुंट्या आतल्या बाजूला किंचित वाकतात आणि शेवटचे धागे पहिल्यांपेक्षा आखूड पडतात. मागावर हाच फरक एका बाजूच्या ढिल्या पट्ट्याच्या रूपात दिसतो आणि मग दोष सुताला दिला जातो. दोनशे-दोनशेचे दोन जुडगे करा. दोन खुंट्यांमध्ये धागे आठाच्या आकड्यासारखे एकमेकांना छेदून जातात, ती फुली म्हणजे ताण्याचा जीव. तिच्या चारही पायांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सैलसर बांधा आणि बाकी लांबीवर दर मीटरला एक घट्ट गाठ मारा. फुली सुटली तर धाग्यांचा क्रम गेला, आणि चारशे धाग्यांचा क्रम नव्याने लावत बसण्यापेक्षा ताणा नव्याने घालणं परवडतं.

रुळावर चढवताना मंडळाचा उपयोग खरा कळतो. एक जण मागचा रूळ फिरवतो, दुसरा समोर दोन-अडीच मीटरवर उभा राहून ताणा दोन्ही हातांत दोन भागांत धरतो, तिसरा थरांमध्ये जाड कागद किंवा पट्ट्या सरकवतो. कागद ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना निदान तीन-चार सेंटिमीटर रुंद हवा. नाहीतर कडेचे धागे थरावरून खाली घसरतात, त्यांचा परीघ कमी होतो आणि विणताना नेमके काठच ढिले पडतात. समोरच्या माणसाला एकच सूचना द्या: बोटांनी विंचरायचं नाही. गुंता दिसला की बोटं आपोआप तिकडे जातात. पण विंचरल्याने ढिलाई पुढे ढकलली जाते आणि काही धागे लांब, काही आखूड होतात. रुळाचा एक वेढा झाला की थांबायचं, ताणा एकदा झटकायचा, घट्ट ओढून धरायचा आणि मगच पुढचा वेढा. कंटाळवाणं आहे खरं. पण पुढचे आठ विणकर या वीस मिनिटांवर बसणार आहेत.

हेडलमधून (धागा वर-खाली उचलणाऱ्या तारेच्या डोळ्यातून) आणि फणीतून धागे ओवायला सवयीच्या हातालाही दोन-तीन तास जातात. हे काम जोडीने करा. एकाने मागून क्रमाने धागा पुढे द्यायचा, दुसऱ्याने हुकाने ओढून घ्यायचा, आणि दर वीस धाग्यांना मोजून सैल गाठ मारायची. फणीच्या १० सेंटिमीटरला ४० घरं (दातांमधल्या फटी) असतील तर एका घरात दोन धागे येतात. हमखास होणाऱ्या चुका तीन: एका घरात तीन धागे, मधलं एखादं घर रिकामं, आणि हेडल व फणी यांच्यामध्ये दोन धाग्यांची तिढी. पहिल्या दोन चुका कापडात उभी रेघ म्हणून दिसतात. तिढी शोधायला एकेक पायडल दाबा आणि बाजूने, डोळा धाग्यांच्या पातळीला आणून बघा. वर-खाली झालेल्या धाग्यांच्या फटीत मध्येच एखादा धागा लोंबत असेल तर तोच. जाड टाकाऊ सुताने चार सेंटिमीटर विणून सगळं तपासल्याशिवाय पहिल्या सभासदाला मागावर बसवू नका.

आठ जणांचा ठोका आठ प्रकारचा असतो. जाड कागदाच्या पट्टीवर ५ सेंटिमीटरची खूण करून ती मागाला बांधून ठेवा, तेवढ्यात ४० आडवे धागे आले पाहिजेत. पन्नास येत असतील तर कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि बाण्याचं सूत अर्ध्यावर संपतं. काठ आत ओढले जाणं हा दुसरा नेहमीचा त्रास. बाणा सरळ रेषेत टाकून ठोकला की तो ताण्याच्या वर-खाली जायला लागणारी जास्तीची लांबी काठाकडून ओढून घेतो. कापड अरुंद होतं, काठाचे धागे फणीच्या दातांवर तिरके घासतात आणि तुटतात. धोटा (बाणा वाहून नेणारी नळी) गेल्यावर बाणा काठापासून साधारण तीस अंशांत तिरका ठेवून मग ठोकला की हे थांबतं. तुटलाच धागा तर घाबरू नका. नवा धागा त्याच हेडलमधून, त्याच घरातून ओवून पुढे कापडात टोचलेल्या टाचणीला आठाच्या आकड्यात गुंडाळा आणि मागे वजन लावून लोंबता सोडा.

लांबी सगळ्यांनी मोजायची ती ताण तसाच ठेवून. हिशेबातले ९० ताणलेल्या मागावरचे आहेत, ताण सैल करून मोजलेल्या ९० सेंटिमीटरला ताणा जास्त लागतो, आणि पहिल्या तिघांनी अशी चूक केली की भांडण आठव्याच्या वाट्याला येतं. दोन टॉवेलांमध्ये वेगळ्या रंगाचे दोन धागे टाका, कापताना तीच रेघ. आणि हो, शेवटचा टॉवेल नवख्याला देऊ नका. समित्या नेमकं तेच करतात, ‘त्याला घाई नाही’ म्हणून. शेवटाकडे ताण्याचं टोक बांधलेली दांडी हेडलच्या जवळ येते, फट लहान होते, ताण विस्कटतो. ती जागा सगळ्यात मुरलेल्या हाताची.

आता लोकरीबद्दल. एका मेंढीची अख्खी लोकर, दोन-तीन किलोची, एकट्याने घरी आणली की बहुधा पोत्यातच राहते आणि कसर लागते. सहा जणांनी जाळीच्या टेबलाभोवती उभं राहून निवडली तर तासाभराचं काम आहे. जाळीतून माती आणि बारीक कचरा आपोआप खाली पडतो. कडेची शेणाने माखलेली, पोटाखालची आणि पायांकडची लोकर आधी बाजूला काढायची. मग कापाच्या बाजूने तळव्याने झटकून दोन सेंटिमीटरहून आखूड तुकडे पाडायचे. कातरताना कात्री एकाच जागी दुसऱ्यांदा फिरली की ते तयार होतात, आणि पुढे सुतात गुठळ्या होऊन बसतात. खांद्यावरची लोकर सहसा सगळ्यात बारीक, मागच्या मांड्यांवरची भरड. दोन्ही एकत्र पिंजली तर ना धड मऊ सूत मिळतं ना धड टिकाऊ.

विकत घ्यायच्या आधी एक परीक्षा प्रत्येकाने स्वतःच्या कानाने करावी. पेन्सिलीएवढी जाड बट काढा, दोन्ही टोकं चिमटीत पक्की धरा, कानाजवळ न्या आणि झटका द्या. तार छेडल्यासारखा स्वच्छ आवाज आला तर लोकर निरोगी. करकर ऐकू आली आणि सगळे तंतू एकाच उंचीवर तुटले, तर वाढीच्या काळात कधीतरी मेंढी आजारी होती किंवा उपाशी. अशी लोकर पिंजताना त्या जागी तुटत राहते, कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नये. हा आवाज लिहून समजत नाही, चांगली आणि वाईट बट एकापाठोपाठ ऐकावी लागते. मंडळाने दोन्ही बटांचा नमुना जपून ठेवावा.

धुताना नियम दोन: हलवायचं नाही आणि गार होऊ द्यायचं नाही. वीस लिटरच्या टबात ३०० ग्रॅमपेक्षा जास्त लोकर नको. पाणी ६० अंशांच्या आसपास, साबण आधी पाण्यात विरघळवून घ्यायचा, मग जाळीच्या पिशवीतली लोकर वरून हलकेच दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं तशीच ठेवायची. पाणी कोमट व्हायच्या आत बाहेर काढा. मेंढीच्या अंगचं मेण चाळीस अंशांच्या आसपास पुन्हा घट्ट होऊन तंतूंवर बसतं, आणि मग वाळलेली लोकर चिकटच राहते. साबणाचं पाणी दोनदा, साधं दोनदा, प्रत्येक वेळी साधारण तेवढंच गरम. गरमातून एकदम थंडात टाकून वर चोळलीत की नमदा (तंतू अडकून घट्ट झालेला थर) तयार. वाळल्यावर वजन बरंच कमी भरतं, बारीक लोकरीचं तर जवळजवळ निम्मं. वाटणी धुतल्यावर करावी ती यासाठीच.

नवख्यांच्या कताईवर्गाबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. अनेक ठिकाणी त्यांच्या हातात मंडळात उरलेली, दाबून घट्ट झालेली लोकर आणि कोपऱ्यातला जड टकळा दिला जातो. दोन तासांनी ते ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणत घरी जातात. सुरुवातीला ३० ते ४० ग्रॅमचा लोंबता टकळा, आठ-दहा सेंटिमीटर लांब तंतूंची धुऊन पिंजलेली लोकर आणि टकळ्याला आधीच बांधलेला साठ सेंटिमीटरचा धागा एवढं द्या. कापूस पहिल्या दिवशी नको. त्याचा तंतू जेमतेम २५-३० मिलिमीटरचा, पुरेसा पीळ बसण्याआधी त्यावर वजन लोंबलं तर तो सुटतोच. कापसाला टकळीचं टोक वाटीत टेकवून फिरवायला शिकवा, तेही नंतर.

धागा निघत नाही याचं कारण दहापैकी आठांच्या बाबतीत एकच असतं. पेळूच्या (पिंजलेल्या लोकरीच्या वळीच्या) टोकातून एक बट ओढून पट्टीवर ठेवायला लावा. ती आठ सेंटिमीटर भरली तर दोन हातांमध्ये आठपेक्षा जास्त अंतर हवं. शिकणारा घाबरून हात जवळ आणतो, मग दोन्ही चिमटींत एकाच तंतूची दोन टोकं येतात. तंतू सरकायला जागाच नाही, तरी तो जोर लावत राहतो आणि बोटं पांढरी होतात. हात तीन बोटं लांब करा म्हटलं की लोकर लोण्यासारखी सुटते. दुसरी अडचण पीळ चिमटीच्या पलीकडे लोकरीत शिरण्याची. तिला उपाय म्हणजे टकळा फिरवून गुडघ्यांत धरून ठेवायचा, साठलेला पीळ थोडा थोडा सोडत लोकर ओढायची. दोन कामं एकदम करायची सक्ती पहिल्या आठवड्यात कशाला?

पायाचा चरखा शिकवताना पहिली दहा मिनिटं हातात लोकर देऊच नका. नुसतं पायडल, चाक उलटं न जाता सुरू करायचं आणि थांबवायचं. माळ (चाकावरची दोरी) सगळ्यात मोठ्या खोबणीवर ठेवा, म्हणजे पीळ सावकाश पडतो. बॉबिनची ओढ इतकीच, की हात सैल सोडला तर धागा बॉबिनवर अलगद जाईल, हिसकला जाणार नाही. एकेरी सूत घड्याळाच्या दिशेने कातलं असेल तर दोन पदर एकत्र पिळताना चाक उलट्या दिशेने फिरवायचं, नाहीतर सुताचा नुसता गुंडाळा होतो. तयार लडीला चार ठिकाणी आठाच्या आकड्यात दोरे बांधून वीस मिनिटं गरम पाण्यात बुडवा आणि वजन न लावता वाळत घाला. वजन लावलं की सूत तात्पुरतं सरळ दिसतं, पहिल्या धुण्यात पुन्हा आखडतं.

नमुन्यांची देवघेव सगळी मंडळं करतात, पण निम्मे नमुने निरुपयोगी असतात. चिठ्ठीवर फक्त ‘लोकर, ट्विल’ (तिरप्या रेघांची वीण). यातून कोण काय विणणार? सुताचा नंबर, फणीतली रुंदी, सेंटिमीटरला किती उभे आणि किती आडवे धागे, ओवण्याचा क्रम, पायडलचा क्रम आणि धुतल्यानंतरचं माप एवढं लिहिलंच पाहिजे. वीस जण असतील तर १० बाय १५ सेंटिमीटरचे एकवीस तुकडे विणा, एकविसावा मंडळाच्या संग्रहाला, आणि त्याच्यासोबत एक न धुतलेला. कडा कापण्याआधी दोन्ही बाजूंना शिवून घ्या. तुकडा कागदावर फक्त वरच्या कडेने चिकटवा, मागची बाजू बघता आली पाहिजे. आमचं मत असं, की प्रत्येकाने वेगळी वीण आणण्यापेक्षा सगळ्यांनी एकच आराखडा वेगवेगळ्या सुतात विणावा. पट्टीवर इंचभर सूत शेजारी-शेजारी गुंडाळून वेढे मोजायचे, साध्या विणीला त्याच्या निम्मे धागे आणि ट्विलला दोन तृतीयांश, म्हणजे वीस वेढ्यांना दहा किंवा तेरा, हा आडाखा सगळ्यांना पाठ असतो. तो कुठे फसतो हे मात्र वीस सुतं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

निळीचं पिंपही सामायिकच बरं, कारण तयार पिंप एकट्याच्या दोन लडींवर संपत नाही. वजनाने एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर, पाणी ४५-५० अंश. वर तांबूस तवंग आणि खाली पिवळसर, स्वच्छ द्रव दिसला तर तयार. द्रव निळाच असेल तर अजून थांबा. चुन्याची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, आणि या अल्कलीत लोकर फार वेळ ठेवू नका.

उरलं सामान उसनं देण्याचं. चरखा परत येतो, पण त्याची माळ, एक बॉबिन आणि धागा ओढून घ्यायचा आकडा येत नाही. मग पुढच्याला तो ‘बिघडलेला’ वाटतो. प्रत्येक चरख्याला आणि मागाला सुट्या भागांचा फोटो आणि आकडेवार यादी दोरीने बांधा: बॉबिन किती, फण्या कोणत्या, धोटे किती, फुलीच्या काड्या दोन, स्क्रूची पिशवी. देताना आणि घेताना दोघांनी मिळून मोजा. पुढच्या माणसासाठी मागावर मीटरभर ताणा लावलेलाच ठेवला तर फार उत्तम. रिकामा माग घरी नेलेल्या नवख्याचे दोन महिने ताणा घालायला घाबरण्यातच जातात.

परत आलेल्या लोकरी वस्तू, दान आलेली पोती, सगळं आधी बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान दोन आठवडे ठेवा, कपाटात नंतर. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी लोकरीवर धरतं. कसरीच्या अळ्या प्राण्यांचे केस, लोकर, रेशीम खातात. एका पोत्यातून सगळा संग्रह जाऊ शकतो.

लोकांसमोर प्रात्यक्षिक असेल तर कातणारा आणि बोलणारा वेगळे ठेवा. चरख्यापेक्षा जास्त गर्दी टेबलावर होते, तिथे कच्ची बट, धुतलेली, पेळू, एकेरी सूत, दुपदरी सूत आणि कापड हात लावायला मांडून ठेवा. मुलांचे मोकळे केस फिरत्या चाकाजवळ येण्याआधी बांधायला सांगा.

पुढच्या वर्षाची आखणी करताना सुरुवात सामायिक ताण्यापासून करावी अशी विनंती. ताणा घालणं, चढवणं आणि ओवणं एका दिवसात बसवू नका, दोन सभा धरा. आणि सूत आधी मागवा: गाठी, चुका, तुटके धागे धरून ताण्याला सहाशे ग्रॅम, सगळं एकाच रंगखेपेचं.

कळावे,
आपले,
मागावर आणि चरख्यावर बसणारे काही सभासद